प्रोजेक्टरचा दिवा आणि त्याचा हिशेब

घरी सिनेमा पाहण्यासाठी प्रोजेक्टर घ्यायचा ठरला, की माणूस पडद्याची लांबी-रुंदी विचारतो, चित्राच्या स्पष्टतेची चौकशी करतो, स्पीकर वेगळे लागतील का हेही विचारतो. आत जो दिवा जळतो त्याच्याबद्दल मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. वास्तविक त्या यंत्रात नियमाने झिजणारी आणि नियमाने पैसे मागणारी वस्तू तीच. लेसरवर किंवा एलईडीवर चालणारे प्रोजेक्टर आता पुष्कळ निघाले आहेत आणि त्यांत दिवा बदलण्याचा प्रश्न सहसा येत नाही. परंतु दिव्यावर चालणारी यंत्रे आजही कितीतरी घरांत, शिकवणीवर्गांत आणि महाविद्यालयांच्या खोल्यांत आहेत, आणि वापरलेला म्हणून जो प्रोजेक्टर स्वस्तात मिळतो तो तर बहुतेक वेळा ह्याच जातीचा असतो.

माझ्या मामांनी शहापुरातल्या घरासाठी असाच एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला. विकणाऱ्याने पडद्यावर आकडा दाखवला होता : दिवा ६०० तास जळालेला. पुस्तिकेप्रमाणे दिव्याचे आयुष्य ४००० तास, तेव्हा सौदा चांगला वाटला. पावणेदोन वर्षांत तो आकडा १०५० वर आला आणि चित्र इतके मळकट झाले, की रात्रीचे प्रसंग नुसते ऐकावे लागत. यंत्राने ‘दिवा बदला’ अशी सूचना एकदाही दिली नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याने तर यंत्र न उघडताच ‘लॅम्प होगैत्री’ असे सांगून टाकले. आकडा म्हणतो, पाऊण आयुष्य शिल्लक आहे. कारागीर म्हणतो, दिवा गेला. मामा मला म्हणाले, “अगं, बी. कॉम. करतेस ना? मग सांग बघू ह्यातलं खरं कुठलं. आणि दिव्यावर पैसे घालायचे, की यंत्रच काढून टाकायचं?” त्या दोन प्रश्नांसाठी जे वाचले, मोजले आणि हाताने केले, ते येथे मांडत आहे.

प्रथम हा दिवा म्हणजे काय ते पाहू. घरातल्या जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड देते. प्रोजेक्टरच्या दिव्यात तार नसतेच. गारेच्या शुद्ध काचेची, म्हणजे क्वार्ट्झची, वाटाण्याएवढी जाड भिंतीची एक कुपी. तिच्यात दोन बाजूंनी आलेली टंगस्टनची दोन टोके. आणि त्या टोकांमध्ये जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचे अंतर. ह्या अंतरातून विजेची ठिणगी सतत वाहत राहते, आणि ती ठिणगी हाच उजेड. पूर्वीच्या चित्रपटगृहांत कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये अशीच ठिणगी जळत असे. कांड्या झिजत, अंतर वाढे, आणि ऑपरेटरला त्या पुढे सरकवीत राहावे लागे. नंतर तेथे झेनॉन वायूचे दिवे आले. घरगुती प्रोजेक्टरमधली ठिणगी पाऱ्याच्या वाफेत जळते. फिलिप्स कंपनीने १९९५ साली ह्या प्रकारचा दिवा बाजारात आणला आणि पुढची दोन-अडीच दशके प्रोजेक्टरचा धंदा मुख्यतः त्याच्यावर चालला.

पारा तोच, जो रस्त्यावरच्या जुन्या मर्क्युरी दिव्यांत असे. मग त्या निळसर-हिरवट उजेडात सिनेमा पाहवेल कसा? येथेच ह्या दिव्याची खुबी आहे. दिवा पेटला, की आतला पारा वाफ होऊन कुपीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट होतो. एवढ्या दाबाखाली पाऱ्याचा प्रकाश ठरावीक दोन-चार रंगांपुरता राहत नाही. तो पसरतो आणि त्यात तांबड्याचाही भाग येतो. तांबडा तरी कमीच पडतो, पण काम भागते. उजेडाचा उगम मिलिमीटरभराच्या जागेत असल्यामुळे मागचा वाटीसारखा आरसा तो नीट गोळा करून पुढच्या भिंगांकडे पाठवू शकतो. उगम मोठा असता, तर निम्मा उजेड वाटेतच वाया गेला असता.

मात्र ह्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते. कुपीची भिंत हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते. तापलेल्या टोकांवरून टंगस्टनचे कण सतत उडतात. ते काचेवर बसले असते, तर दिवा काही तासांतच काळा पडला असता. म्हणून आत ब्रोमीनचा अंश घातलेला असतो. काचेजवळ आलेल्या टंगस्टनला ब्रोमीन पकडते आणि गरम टोकापाशी नेऊन पुन्हा सोडते. हे चक्र चालायला कुपीचे तापमान एका ठरावीक मर्यादेत राहावे लागते. पंख्याची जाळी धुळीने बुजली, दिवा जास्त तापला, की चक्र बिघडते. म्हणूनच पुस्तिकेत जाळी साफ करण्याबद्दल पानोपानी सांगितलेले असते, आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

चक्र कितीही चांगले चालले, तरी म्हातारपण टळत नाही. टोके झिजून अंतर वाढते, ठिणगी लांबते, आरशाला ती पूर्वीसारखी सापडत नाही. काच आतून धुरकटते, काही ठिकाणी दुधासारखी पांढरी पडते. पहिल्या काहीशे तासांत उजेड तुलनेने झपाट्याने उतरतो, मग हळूहळू. ही घट इतकी सावकाश होते, की रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला ती जाणवत नाही, पाहुणा आला की तोच विचारतो, “चित्र एवढं अंधुक का हो?”

आता त्या ४००० तासांचा अर्थ. पेटीवर लिहिलेले आयुष्य म्हणजे दिवा बंद पडेपर्यंतचा काळ असे आपण समजतो. सामान्यतः तो उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ असतो, आणि तोही सरासरीचा : काही दिवे आधी उतरतात, काही नंतर. पुष्कळदा हा मोठा आकडा कमी उजेडाच्या, काटकसरीच्या पद्धतीसाठी दिलेला असतो; पूर्ण उजेडासाठीचा आकडा त्याहून लहान असतो आणि तो बारीक अक्षरांत खाली सापडतो. प्रत्येक वेळी दिवा पेटताना हजारो व्होल्टचा झटका देऊन ठिणगी पाडावी लागते आणि त्यात टोकांची झीज होते. अर्थात जो माणूस जाहिरात लागली की प्रोजेक्टर बंद करतो आणि पाच मिनिटांनी लावतो, तो वीज वाचवीत नाही, दिवा खर्च करीत असतो. शिवाय नुकता विझलेला दिवा लगेच पेटत नाही. आतला दाब उतरलेला नसतो, आणि त्या दाबात ठिणगी पाडायला नेहमीचा झटका पुरत नाही. यंत्र बिघडले असे समजून लोक बटण दाबत बसतात. थोडे थांबले की झाले.

पडद्यावर दिसणारा तासांचा आकडा दिव्यातून येतो असा समज असेल, तर तो बहुतेक यंत्रांच्या बाबतीत चुकीचा आहे. आकडा यंत्र मोजते. दिव्याची प्रकृती त्याला ठाऊक नसते. दिवा किती वेळ चालू होता एवढेच ते टिपत जाते. नवीन दिवा घातल्यावर मेनूत जाऊन हा आकडा शून्य करायचा असतो, आणि जो शून्य करता येतो तो दिवा न बदलताही शून्य करता येतो. मामांच्या यंत्रात माहितीच्या पानावर दोन आकडे निघाले : दिव्याचे तास १०५० आणि यंत्राचे तास ४३००. एवढ्यावरून विकणाऱ्याला दोष देता येत नाही. मधे एकदा खरोखरच नवा दिवा घातला असता, तरी हेच दिसले असते.

म्हणून मी उजेड मोजला. फोनमध्ये उजेड मोजणारे अॅप घालता येते. फोनची मोजणी काही प्रयोगशाळेची नव्हे, पण निम्मे आणि पाव ह्यांतला फरक ती निश्चित सांगते. रीत अशी : खोलीत पूर्ण अंधार करावा, यंत्राची सर्वांत प्रखर पद्धत लावावी, पडदाभर पांढरे चित्र टाकावे, फोन पडद्याला टेकवून त्याचे तोंड प्रोजेक्टरकडे करावे, आणि मध्यभागी व कोपऱ्यांत मिळून नऊ ठिकाणी आकडा घेऊन सरासरी काढावी. आमचा पडदा २.२ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. यंत्र नवे असताना २००० ल्यूमेनचे. २००० ला २.७५ ने भागले, की प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ७२७ ल्यूमेन येतात, आणि त्यालाच लक्स म्हणतात. आमची सरासरी १९० आली. नव्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. दिव्याला दोष देण्यापूर्वी जाळी झटकली, पुढचे भिंग मऊ फडक्याने पुसले आणि पुन्हा मोजले, २०५. कारागीर खरे बोलत होता. पुढे दिवा बाहेर काढला तेव्हा राहिलेला उलगडाही झाला : दिव्याच्या चौकटीवरच्या पट्टीवर आणि यंत्राच्या पोटावरच्या पट्टीवर एकच वर्ष होते. तो पहिलाच दिवा. म्हणजे ४३०० तास जळालेला, आणि आकडा मधेच कोणीतरी पुसलेला. वापरलेला प्रोजेक्टर घेणाऱ्याने दिव्याच्या तासांबरोबर यंत्राचे तास विचारावेत, आणि फोन बरोबर न्यावा.

दुसरा प्रश्न पैशांचा. बाजारात एकाच यंत्रासाठी तीन प्रकारचे दिवे मिळतात. पहिला, प्रोजेक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचा. दुसरा, ज्यात आतला बल्ब फिलिप्स, ओसराम, उशिओ अशा बल्बच्याच कारखान्याचा, परंतु भोवतालची प्लॅस्टिकची चौकट दुसऱ्या कोणाची. प्रोजेक्टर कंपन्याही बल्ब बहुधा अशाच मोजक्या कारखान्यांकडून घेत आल्या आहेत, त्यामुळे हा प्रकार दुय्यम समजण्याचे कारण नाही. तिसरा, चौकटही आणि बल्बही नकली. दुसरा म्हणून तिसरा विकण्याची प्रथा आहेच. ‘ओरिजिनल’ ह्या एका शब्दावर विसंबू नये. बल्ब कोणत्या कारखान्याचा, हे बिलावर लिहून मागावे. जो दुकानदार लिहून देत नाही त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. पहिला ९००० रुपये, दुसरा ५५००, तिसरा ३०००. परिव्यय लेखांकनात आपण यंत्र-तास दर शिकतो : खर्चाला तासांनी भागायचे. पहिल्या दिव्याचे ४००० तास धरले, तर तासाला सव्वादोन रुपये. यंत्राला तासाला ३०० वॉट वीज लागते आणि युनिटचा दर ७ रुपये धरला, तर विजेचा खर्च २ रुपये १० पैसे. म्हणजे दिवा जवळजवळ विजेइतकाच खातो, फक्त त्याचे बिल दरमहा येत नाही इतकेच. ह्या दराने तिसरा दिवा परवडायला तो निदान १३३३ तास टिकला पाहिजे. तो १००० तासच टिकला, तर तासाला ३ रुपये पडले आणि स्वस्त ते महाग झाले. पाठ्यपुस्तक येथे थांबते, आणि उत्तर पहिल्या दिव्याच्या बाजूने देते.

मला ते उत्तर पटले नाही. मामांकडे प्रोजेक्टर चालतो तो शनिवार-रविवारी, अडीच-अडीच तास. आठवड्याचे ५, वर्षाचे २६० तास. ४००० तास संपायला पंधरा वर्षे लागतील! यंत्र आधीच ४३०० तास चाललेले. ते आणखी चार वर्षे चालले तरी पुष्कळ. चार वर्षांचे १०४० तास झाले. नऊ हजारांना भागायचे ते ह्या १०४० तासांनी. पेटीवरच्या ४००० तासांचा मामांना काय उपयोग? तसे केले की पहिला दिवा तासाला साडेआठ रुपयांच्या वर जातो, दुसरा सव्वापाचच्या वर थोडा, तिसरा तीनच्या आसपास. रोज चार तास चालणाऱ्या शिकवणीवर्गाचे गणित अगदी उलट होईल, कारण तेथे ४००० तास पावणेतीन वर्षांत खरोखरच वापरले जातात. एकच वस्तू, एकच किंमत. पण दर ठरतो तो आपण किती तास वापरणार ह्यावर. हे मी वर्गात सांगितले तेव्हा आमच्या सरांनी आणखी एक मुद्दा काढला, की हा महसुली खर्च की भांडवली? वापरलेले यंत्र घेऊन ते सुरू करण्यापूर्वीच दिवा बदलला असता, तर तो खर्च यंत्राच्या किमतीत मिळवावा लागला असता. पावणेदोन वर्षे वापरल्यानंतर बदलला, म्हणून तो दुरुस्तीचा, महसुली. मामांना ह्या चर्चेत गोडी वाटली नाही.

तिसरा दिवा आकड्यांत जिंकतो, तरी मी तो घेऊ नये असे सांगितले. कारण भागाकारात न बसणारी एक बाब आहे. २०० पट दाबाची कुपी कोणी कशी बनवली, हे महत्त्वाचे आहे. हलका बल्ब फुटला, तर काचेचे कण आतल्या भिंगांवर जातात, आणि दिव्याला वीज पुरवणारा भागही बिघडू शकतो. मग चार वर्षांचे यंत्र त्याच दिवशी संपते. मामांनी दुसरा दिवा मागवला. नुसता बल्ब आणून जुन्या चौकटीत बसवण्याचा आणखी स्वस्त मार्ग असतो. परंतु बल्ब आरशासमोर केसभर जरी हलला तरी उजेड जातो, तेव्हा ते काम घरी करू नये.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम मात्र पाव तासाचे आहे, आणि त्यातली सर्वांत अवघड पायरी थांबण्याची. यंत्र रिमोटने बंद करावे, पंखा आपोआप थांबू द्यावा, मग प्लग काढावा आणि तासभर यंत्राला हात लावू नये. हा तास नुसता हात भाजू नये म्हणून नव्हे. झेनॉनचा दिवा थंड असतानाही आत दाब ठेवून असतो, म्हणून चित्रपटगृहातले ऑपरेटर तो तोंडाला जाळी लावून हाताळीत. आपल्या दिव्यातला पारा थंड झाला, की पुन्हा थेंब होऊन बसतो आणि दाब नाहीसा होतो. थंड दिवा त्यामानाने गरीब प्राणी आहे. गरम दिव्याशी खेळ नको. नंतर पाठीवरच्या किंवा बाजूच्या झाकणाचा स्क्रू सोडवावा. आत चौकटीचे दोन-तीन स्क्रू दिसतात. ते ढिले होतात पण बहुधा निघून येत नाहीत, मुद्दामच तसे केलेले असतात, तेव्हा ओढू नयेत. चौकटीला पकडायला कडी असते. तिला धरून दिवा सरळ रेषेत बाहेर ओढावा, वाकडा करू नये.

नवा दिवा आत सरकवताना फक्त चौकटीला हात लावावा. काचेवर बोट लागले, तर घामातले क्षार आणि तेल तापून तेथेच काच पांढरी पडू लागते. लागलेच तर स्वच्छ फडक्याला स्पिरिट लावून पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. दिवा तळाशी नीट बसला की हाताला कळते. मग स्क्रू आवळावेत, झाकण लावावे. झाकणाखाली एक लहान बटण असते. झाकण अर्धवट बसले तर ते दाबले जात नाही आणि यंत्र पेटतच नाही. नवा दिवा खराब निघाला, अशी पुष्कळ तक्रार ह्या एका बटणामुळे होते. शेवटी जाळी साफ करावी आणि मेनूतला तासांचा आकडा शून्य करावा. तो विसरला, तर नवा दिवा असूनही यंत्र थोड्याच दिवसांत सूचना देऊ लागते, आणि काही यंत्रे पुढे चालायचेच नाकारतात. छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर असेल आणि दिवा फुटलेला असेल, तर झाकण उघडताना त्याच्या खाली उभे राहू नये.

नवा दिवा लावून पुन्हा नऊ ठिकाणी मोजले. सरासरी ५९० आली. जाहिरातीतले ७२७ गाठले नाहीत; आतली भिंगे आणि आरसेही सात-आठ वर्षांचे आहेत. मामांनी तारीख आणि आकडा यंत्राच्या पोटाला कागद चिकटवून लिहून ठेवला आहे. सिनेमा चालू असताना वीज गेली, तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच कोंडून राहतो. प्रोजेक्टर आता इन्व्हर्टरच्या तारेवर घेतला आहे, निदान पंखा थांबेपर्यंत वीज मिळते.

दिवा जळताना फुटला, तर फट् असा आवाज येतो आणि पडदा काळा होतो. आतला पारा मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच असतो, पण त्याची वाफ श्वासात जाऊ देऊ नये. प्लग काढावा, खिडक्या उघडाव्यात, मुलांना घेऊन खोलीबाहेर जावे आणि वारा खेळू द्यावा. नंतर हातमोजे घालून काचा जाड कागदाने गोळा कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि झाकणाच्या बरणीत ठेवावेत. झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नये, त्याने पारा सर्वत्र पसरतो. जपानमध्ये मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीवाटे माणसांच्या पोटात गेला आणि १९५६ साली तो आजार उघडकीला आला. त्याच गावाच्या नावाने पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ साली अमलात आला, आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली.

म्हणून उतरलेला दिवा केराच्या गाडीत टाकू नये, आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. तो धातूसाठी चौकट फोडेल आणि काच गटारात जाईल. नव्या दिव्याच्याच खोक्यात जुना घालून, वर ‘पारा आहे’ असे लिहून, तो मान्यताप्राप्त ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा. दिवा विकणाऱ्यालाही आधी विचारून पाहावे. आमचा खोका सध्या माळ्यावर आहे, कारण दुकानदाराने तो परत घ्यायला नकार दिला.